यादीतली बिननावी कामं

“याला नाव कशाला हवंय रे?” असं म्हणत मॅडम अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायच्या आणि माझ्या प्रोग्रॅमच्या कागदावरचं फंक्शनचं नाव खोडून टाकायच्या.

नव्वदच्या आसपास नौपाड्यातल्या एका छोट्या ऑफिसात आम्ही क्लिपर भाषेत प्रोग्रॅम लिहायचो. मॅडम ठाकुर्लीहून यायच्या, आमच्यात सगळ्यात सीनियर. बाकीचे लोक चिमूटभर कामालाही वेगळं फंक्शन करून त्याचं बारसं करायचे. मॅडम महिरपी कंसात एका ओळीचं काम लिहून ते बिननावाचंच यादीत ठेवायच्या. “तिसऱ्या नंबरवर बसलंय ना? नंबर पुकार, उठून काम करेल.”

मला हे भलतंच आवडलं. नवं हत्यार हातात आलं की माणूस कसा खुळावतो, तुम्ही पाहिलंच असेल. त्यात मी कळव्याचा, एक नंबरचा आगाऊ! डोंबिवली एमआयडीसीतल्या कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं काम माझ्याकडे आलेलं. दहा रंग, रंग कापडाला धरावा म्हणून प्रत्येकात मीठ किती घालायचं याचं गणित वेगळं. मी एकच लूप, म्हणजे तीच ओळ दहा वेळा फिरवून दहाही गणितं यादीत भरली. नोकरीत कायम होणार की घरी बसणार, ते याच कामावर ठरणार होतं.

“तपासू का?” मॅडमनी विचारलं.

“छे हो, एकदम ओके आहे!”

कारखान्यात मालकांनी आमच्या साहेबांसमोर आणि मॅडमसमोर कॉम्प्युटरवर लाल निवडला. मग पिवळा. मग निळा. दर वेळी मिठाचा तोच आकडा.

“अहो, एवढं मीठ काळ्याला लागतं,” मालक म्हणाले. “पिवळ्यात टाकलं तर माल बाद होईल माझा.”

काळा यादीत शेवटचा. साहेब माझ्याकडे वळणार, तोच मॅडम उठल्या. “चूक माझी. ती ओळ मी लिहिलीय.”

कीबोर्ड ओढून घेत त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, “शहाण्या, यादीतले दहाही जण एकाच फळ्याकडे बघतायत, आणि फळ्यावर शेवटचाच आकडा उरलाय. प्रत्येकाला त्याची त्याची चिठ्ठी द्यायची असते.” दहा मिनिटांत सगळे रंग ताळ्यावर आले.

मी कायम झालो. खरं सांगायची हिंमत मात्र झाली नाही. आजही त्याची लाज वाटते.

दोन वर्षांनी यजमानांच्या बदलीमुळे मॅडम नागपूरला गेल्या. त्यांची खुर्ची रिकामी बघवेना. त्याच सोमवारी मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि एका दमात सगळं ओकलो.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मला तेव्हाच कळलेलं. बाई कधी खोटं बोलायच्या नाहीत. त्या दिवशी तुझ्यासाठी खोटं बोलल्या. म्हणून तर तुला ठेवला.”