वीस कूलंबांतला एक कुडो

माझे तारुण्य संस्कृत शिकवण्यात गेले. पदार्थविज्ञानाकडे मी चाळिशी जवळ आल्यावर वळलो आणि तेही गरजेपोटी. लढाईच्या दिवसांत गोंदियातील आमच्या शाळेचे विज्ञानशिक्षक सरकारी नोकरीवर निघून गेले, तेव्हा मुख्याध्यापकांनी तो विषय माझ्याकडे सोपवला. दोन उन्हाळे नागपुरास राहून मी तो शिकून घेतला. तरी नेमणूक कच्चीच होती. तपासनीस साहेबांनी माझा एक तास पाहावा, पसंत पडल्यास विज्ञानाचा वर्ग चालू राहावा, अन्यथा बंद व्हावा, असे ठरले. माझ्या जुन्या जागी एव्हाना दुसरे शास्त्रीबुवा रुजू झाले होते. वर्ग बंद झाला असता तर मला परतायला जागा नव्हती.

त्या तासासाठी मी विद्युत्‌दाबाचा पाठ निवडला. चारचौघांत बोलणे मला अवघड जात असे आणि या पाठात फळ्यावर लिहिण्याचे काम अधिक होते. विद्युत्‌भार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेताना खर्च झालेल्या ऊर्जेला त्या भाराने भागले की दाब मिळतो. ऊर्जा ज्यूलमध्ये, भार कूलंबमध्ये, दाब व्होल्टमध्ये. उदाहरण असे होते: दिव्यातून वीस कूलंब भार गेला, दोनशे चाळीस ज्यूल ऊर्जा खर्च झाली, तर दाब किती?

फुलचूरहून पायी येणाऱ्या, घरी धानाची शेती असलेल्या एका विद्यार्थ्याला मी फळ्यापाशी बोलावले. त्याने आधी विसांतून एक वजा केला आणि दोनशे चाळिसांना एकोणिसाने भागू लागला. भागाकार बारा आला आणि बाकीही बारा उरली. तो खडू धरून थांबला.

"एक काऊन कमी केलास?" मी विचारले. घाबरलो की माझ्या तोंडी गावाकडचीच बोली येई.

"गाडीवाल्याचा कापला, गुरुजी. वीस कुडोची खंडी. खंडीमागं एक कुडो त्याचा. फुकटात कोन माल नेते?"

मागच्या बाकावरून गोंदियातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, "अरे वा! बिजली भी गाड़ी भाड़ा खाती है क्या?"

वर्ग हसला. तपासनिसांशेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिले. तपासनीस हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते. चूक आकडेमोडीची नव्हती. आमच्याकडे धान कुडोच्या मापाने मोजत आणि वाहतुकीची मजुरी नेलेल्या धानातूनच देत, त्यामुळे वाटेत माल घटणे हे त्या मुलाच्या दृष्टीने रीतसरच होते. दिव्यातून जाताना भारही तसाच घटत असणार, असे त्याने धरले होते.

"घरचीच गाडी असली तर?" मी अखेर विचारले. "गिरणीत पोचेस्तोवर धान कमी होते?"

"घरच्या गाडीत कायले कमी होईन?"

"मग बैल कशाच्या जोरावर ओढतात?"

"घरून धानाची तनस खाऊन निघतेत ना!"

"भार म्हणजे धान. तो निघतो तेवढाच पोचतो. खर्च होते ती ऊर्जा, म्हणजे तणस. एका कुडोमागे किती तणस लागली, तो दाब."

त्याने एकोणीस पुसून वीस लिहिले आणि उत्तर काढले: बारा व्होल्ट.

तेव्हा तपासनीस प्रथमच बोलले. "चाळीस कूलंब नेले आणि चारशे ऐंशी ज्यूल लागले, तर?"

"बाराच, साहेब. दोन खंड्या नेल्या तं तनस दुप्पट लागन, पन कुडोमागं तेवढीच."

बाहेर पडताना तपासनीस मुख्याध्यापकांना म्हणाले, "वर्ग चालू ठेवा." मग माझ्याकडे वळले. "आपला आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. आणि परीक्षेत कोणाला तणस लिहू देऊ नका."

आवाज मी पुढेही फारसा वाढवू शकलो नाही. तणस मात्र परीक्षेबाहेर ठेवली. निवृत्त होईपर्यंत हा पाठ शिकवताना मी वीस कूलंबांचेच उदाहरण घेत असे, आणि फळ्यापाशी आलेल्या मुलाने त्यातून एक कमी केला नाही, तर मीच त्याला विचारत असे, "गाडीवाल्याचं काय?"