एक मत जास्त

उबाळे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ताडपत्रीवर मांडी घालून टाचण्या मोजत होत्या. लोकसभेच्या मतदानाचा आदला दिवस होता. मैदानावरच्या मंडपात शेकडो सरकारी कर्मचारी मतदानाचं साहित्य ताब्यात घेत होते, म्हणजे यादीकडे न बघता सही ठोकून बसमधली खिडकीची जागा धरायला पळत होते. बाईंनी मात्र आमच्या केंद्राची पिशवी उघडून सगळं जमिनीवर मांडलं होतं. शाईची बाटली, लाखेच्या कांड्या, मेणबत्ती, शिक्के, दोरा, पाकिटं आणि टाचण्या.

"बेचाळीस," त्या टेबलामागच्या कारकुनाला म्हणाल्या. "यादीत पन्नास आहेत."

"अहो मॅडम, टाचण्यांवाचून निवडणूक अडते का?"

"निवडणूक नाही अडत. माझी सही अडते."

कारकुनाने वैतागून एक नवी पुडी त्यांच्याकडे भिरकावली. बाईंनी त्यातल्या आठ काढून घेतल्या आणि बाकीच्या परत दिल्या. मग माझ्याकडे मान वळवली.

"आपण?"

"इंगळे. मतदान अधिकारी क्रमांक तीन."

"घाई आहे का इंगळे?"

"नाही मॅडम."

"मग पाय कशाला हलवताय? बसा. लाखेच्या कांड्या मोजा."

बाई मंडईजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्तीला सात महिने उरले होते. नोकरी लागल्यापासून प्रत्येक निवडणुकीत त्यांना ड्यूटी लागली होती आणि ती रद्द करून घ्यायला त्यांनी एकदाही डॉक्टरचा दाखला आणला नव्हता. सरकारी नोकरी केलेल्यांना यातला चमत्कार समजावून सांगायला नको. मी वाशिमकडचा, मांजरी गावात भाड्याच्या खोलीत राहणारा कनिष्ठ अभियंता. नोकरीला वर्ष होत आलं होतं आणि अजून कायम झालो नव्हतो. त्या केंद्राध्यक्ष, म्हणजे आमच्या खोलीच्या सर्वेसर्वा. माझ्याकडे यंत्राचा तो भाग होता, ज्यावरचं बटण मी दाबल्याशिवाय मतदाराला मत देता येत नाही.

विश्रांतवाडीतल्या एका शाळेत आमचं केंद्र होतं. पोचल्या पोचल्या बाकीचे पंख्याखाली आडवे झाले. बाईंनी मतदानाचा पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावर लावला आणि मला त्यामागे उभं केलं. मग स्वतः खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन, दारातून, खिडकीतून, एकदा तर बाकावर चढून माझा हात दिसतो का ते पाहिलं. मागच्या खिडकीला तावदान नव्हतं. त्यांनी पिशवीतून जुनं धुवट लुगडं काढलं, चार खिळे काढले आणि पायातल्या चपलेने ठोकून पडदा केला. लुगडं आणि खिळे त्यांनी घरून आणले होते.

"मत देताना माणूस एकटा असला पाहिजे इंगळे," त्या खाली उतरत म्हणाल्या. "एरवी कुठे मिळतं त्याला एकटं राहायला?"

खरं सांगतो, मला तेव्हा हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी आलं नाही.

पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घ्यावं लागतं. सगळ्यांनी मिळून पन्नास मतं टाकायची, निकाल पाहायचा, ती मतं पुसायची, शून्य दाखवायचं आणि मग यंत्र मोहोरबंद करायचं. बाईंनी हे सगळं सावकाश केलं. शून्य तर त्यांनी एकेकाच्या डोळ्यांसमोर नेऊन दाखवलं. यंदा आमच्या मतदारसंघात अटीतटीची लढत होती, दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे संशयाने पाहत होते. शून्य पाहून सगळ्यांनी माना डोलावल्या, ते चहाकडे वळले आणि बाई दाराशी रांग बघायला गेल्या.

तेवढ्यात एका पक्षाचा प्रतिनिधी धापा टाकत आला. पन्नाशीचा, धानोरीकडचा शेतकरी गडी. "भाऊ, आमचं बटण चालतंय का एकडाव बघू द्या की. गाडीच मिळंना. न बघता ग्येलो तर तिकडं शिव्या खाईन मी." माणूस काकुळतीला आला होता. वाशिमच्या आमच्या गावात पाहुण्याला दारातून परत पाठवत नाहीत. मी बटण दाबून मत सोडलं, त्याने आडोशामागे जाऊन आपल्या चिन्हासमोरचं बटण दाबलं, शिट्टी वाजली. गडी खूष झाला. आता हे एक मत पुसायचं, असं मनाशी म्हणतोय तोच बाई आत आल्या.

"शून्य पाहिलं ना सगळ्यांनी?"

"हो," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं होतंच. लाख वितळली, सील लागलं, बाईंनी प्रमाणपत्रावर सही केली, आणि सात वाजता पहिला मतदार आत आला. त्या गडबडीत ते एक मत माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं, हेही तितकंच खरं.

पुढचे दोन तास मी बाईंकडे बघत राहिलो. एक गृहस्थ बायकोबरोबर आडोशाकडे निघाले. "हिला कळत नाही, मी दाखवतो." बाई म्हणाल्या, "त्यांनी तुमच्याशी लग्न केलंय, म्हणजे मोठा निर्णय घ्यायची त्यांना सवय आहे. हा छोटा आहे, घेतील." सगळी रांग हसली, ती बायकोदेखील हसली आणि एकटी आत गेली. कोणा पुढाऱ्याचा भाचा सरळ आत घुसला, तेव्हा बाईंनी वर न बघता सांगितलं, "रांग बाहेरून सुरू होते. इथे ती संपते." काठी टेकत आलेल्या एका आजोबांसाठी मात्र त्या स्वतः उठल्या, खुर्ची दिली, आणि त्यांचा दम ओसरेपर्यंत रांग थांबवून ठेवली. कुणी कुरकुरलं नाही. आवाज न चढवता त्या खोलीवर असं राज्य करत होत्या की मी थक्क झालो होतो.

नऊ वाजता आकडा वर कळवायचा असतो. मतदारांच्या वहीत एकशे बारा सह्या होत्या. मी यंत्राचं बटण दाबलं. एकशे तेरा.

पहाटेचा तो गडी आणि न पुसलेलं ते मत मला आठवलं. बाईंनी वही पुन्हा मोजली. मी उठलो, त्यांना खिडकीशी नेलं आणि सगळं सांगितलं.  

"बटण त्यांनी दाबलं. मत सोडलं कुणी?"

"मी."

"बरं."

दोन नंबरचे अधिकारी जुने कारकून होते, बऱ्याच निवडणुका पचवलेले. त्यांच्या कानावर गेलंच. ते बाईंजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, कशाला वाढवताय? यादीत एक मयत बाई आहे, अजून नाव कमी झालेलं नाही. तिच्यापुढे एक अंगठा उमटवू. एकशे तेराला एकशे तेरा. सात महिन्यांनी सुखाने घरी जा."

"म्हणजे माझी निवृत्ती नीट व्हावी म्हणून त्या बाईंना स्वर्गातून बोलवायचं?" बाई म्हणाल्या. "नको. त्यांना ऊन सोसायचं नाही."

मग त्यांनी रांग थांबवली आणि सगळ्या प्रतिनिधींना टेबलाभोवती बोलावलं. "या यंत्रात एक मत जास्त आहे. ते कुठल्याही मतदाराचं नाही. शून्य दाखवल्यानंतर चाचणीसाठी टाकलं गेलं आणि पुसायचं राहिलं. केंद्राध्यक्ष मी आहे, चूक माझी आहे. आता हे मी वर कळवते."

धानोरीचा गडी कावराबावरा झाला. "मॅडम, एका मतानं काय व्हतंय? ऱ्हाऊ द्या की." आणि आश्चर्य म्हणजे विरुद्ध पक्षाचा प्रतिनिधीही म्हणाला, "आमची काही हरकत नाही. लाखांच्या गोष्टीत एक मत म्हणजे काय?"

बाईंनी दाराकडे बोट केलं. बाहेर रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती. "त्यांतला प्रत्येक जण एकच मत द्यायला उभा आहे. त्यांना जाऊन सांगा, एका मताने काही होत नाही म्हणून. ते घरी गेले, तर मीही लिहीत नाही."

कोणी गेलं नाही. बाईंनी फोन लावला, केंद्राध्यक्षाची डायरी उघडली आणि चार ओळी लिहिल्या. मी ती डायरी उलटी वाचली. त्यात माझं नाव कुठेही नव्हतं.  कुठल्या हिमतीने माणूस स्वतःविरुद्ध इतक्या सुबक अक्षरात लिहू शकतो?

वरचे अधिकारी आले, फोनाफोनी झाली. मतदान चालू ठेवायचं आणि मोजणीच्या दिवशी हे यंत्र बाजूला ठेवायचं, असं ठरलं. उमेदवारांमधला फरक या केंद्रातल्या मतांपेक्षा कमी निघाला, तरच आमच्या खोलीतल्या मतांचा विचार होणार होता. संध्याकाळपर्यंत सुमारे आठशे लोकांनी मत दिलं. बाईंनी शेवटपर्यंत प्रत्येकाला पहिल्यासारखंच वागवलं.

मोजणीच्या दिवशी आघाडी दुपारपर्यंत इकडून तिकडे हेलकावत होती. शेवटी काही हजारांचा फरक पडला. मी बाईंना फोन करून आकडा सांगितला. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल.

"म्हणजे आपलं यंत्र उघडलंच नाही," त्या म्हणाल्या.

"गरजच पडली नाही मॅडम."

 मग त्या म्हणाल्या, "ते आजोबा काठी टेकत आले होते हो, इंगळे."

 आपल्यावर येणाऱ्या नोटिशीचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

नोटीस आली. चौकशी झाली. बाईंनी उत्तरात पुन्हा त्याच चार ओळी लिहिल्या. मी एकदा त्यांच्या शाळेत गेलो आणि म्हणालो, मॅडम, मी खरं काय ते लिहून देतो. त्या प्रयोगशाळेत नळ्या धूत होत्या. "तुमचं कायम व्हायचं राहिलंय. माझं सगळं होऊन गेलंय. आणि सही माझी आहे, तुमची नाही. जा, कामाला लागा." मी गेलो. त्यांच्या सेवापुस्तकात ठपका पडला, आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापकांनी त्यांच्याविषयी जेमतेम दोन वाक्यं काढली. मी मागच्या बाकावर होतो. बाई नेहमीसारख्या ताठ बसल्या होत्या, आणि हार घालून घेताना त्यांनी फक्त त्यातल्या टाचण्या तेवढ्या काढून बाजूला ठेवल्या.

पुढे मंडईत कधीतरी भेटायच्या. "झालात का कायम?" हा पहिला प्रश्न. झालो म्हणून सांगितलं त्या दिवशी त्यांनी मला भर बाजारात पेढा आणायला पिटाळलं आणि त्यातला अर्धाच खाल्ला. मागल्या वर्षी त्या गेल्या. मला चार दिवसांनी कळलं.

आता पुन्हा लोकसभेची निवडणूक आली आहे. लढत पुन्हा चुरशीची आहे, आणि या वेळी केंद्राध्यक्ष म्हणून माझी नेमणूक झाली. मागच्या आठवड्यात प्रशिक्षण होतं. सभागृह भरलेलं, निम्मे लोक पेंगत होते. व्यासपीठावरच्या तरुण अधिकाऱ्याने लोकांना जागं करायला एक किस्सा काढला. "विश्रांतवाडीच्या एका केंद्रावर काय झालं माहितीये? केंद्राध्यक्ष बाई निवृत्तीला टेकलेल्या. शून्य दाखवलं आणि नंतर कोणालातरी मत टाकू दिलं! अहो, लक्ष कुठे होतं बाईंचं? पेन्शनकडे!" सभागृह खदखदून हसलं.

मी उभा राहिलो. उभं राहायचं असं ठरवलं नव्हतं.

"साहेब, त्या बाई तेव्हा दाराशी होत्या. मत मी सोडलं होतं. पुसलं नाही तेही मीच."

हसणं एकदम थांबलं. पुढच्या रांगांतली डोकी मागे वळली. अधिकाऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणला.

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

बाईंनी सांगू दिलं नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो होतो. पण त्या दिवशी प्रयोगशाळेत त्या नको म्हणाल्या, तेव्हा मी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. जिना उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"मला नोकरी टिकवायची होती," मी म्हणालो. "आणि त्यांना ते कळलं होतं."