उलटा कार्बन

आप्पांनी मला पहिली नोकरी लावून दिली, असं मी कित्येक वर्षं लोकांना कौतुकानं सांगत होते. कसलं कौतुक नि कसलं काय! त्यांना चिठ्ठी लिहिणारं माणूस हवं होतं, ते त्यांनी घरातूनच नेलं.

सुरतेतल्या प्लेगच्या पळापळीला तेव्हा वर्ष उलटलं होतं. मी बारावी पास होऊन तिथल्याच उधन्याच्या आमच्या खोलीत मायबरोबर साड्यांना टिकल्या लावत बसायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, अॅल्युमिनियम वितळवण्याच्या कारखान्यात भट्टीवर होते. अकरा वर्षं. भंगार भट्टीत टाकायचं, वर आलेली मळी लांब दांड्यानं ओढून काढायची, खालचा रस साच्यांत ओतायचा आणि लगडी थंड झाल्या की रचायच्या. मळी सुटावी म्हणून भट्टीत एक पावडर टाकत. तिच्या धुरानं आप्पांची छाती खाल्ली होती. दहा पावलं भरभर चालले तरी आतून शिट्टी वाजायची. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, भट्टी सोडा, नाहीतर दोन-तीन वर्षांत अंथरूण धराल.

त्यातच शेठनं छापाचं मशीन आणलं. प्रत्येक लगडीवर नंबर लागतो. एकदा भट्टी भरून वितळवली की ती एक हीट, आणि त्या हीटमधल्या सगळ्या लगडींवर तिचा एकच नंबर, म्हणजे पुढे माल खराब निघाला तर कुठल्या हीटचा ते कळतं. आधी एक म्हातारा हातोडीनं एकेक आकडा ठोकायचा. मशीनमध्ये छापखान्यातल्यासारखे इंग्रजी आकड्यांचे पोलादाचे खिळे होते. ते चौकटीत ओळीनं बसवायचे, चौकट मशीनच्या डोक्यात अडकवायची, लगड खाली सरकवायची आणि पायानं पट्टी दाबायची. धप्प! नंबर धातूत रुतून बसायचा. रबरी शिक्क्यासारखं सगळं उलटं असायचं त्यात, आकडेही उलटे आणि क्रमही उलटा.

मशीन दाराजवळ, पंख्याखाली, भट्टीपासून चांगलं लांब होतं. वाचता कोणाला येतं, असं शेठनं विचारलं आणि आप्पांनी हात वर केला. म्हणे सातवी पास! शाळेची पायरी चढले नव्हते कधी. आणि त्याच दमात शेठला म्हणाले, "मेरी लडकी बारवी पास है, सेठ. ऑफिस में चिठ्ठी लिखने को रख लो."

मी हरखले. नवा ड्रेस शिवला.

ऑफिस म्हणजे कारखान्याच्याच कोपऱ्यात काच लावून केलेली खोली. तिथे केमिस्ट बसायचा. तो नमुना तपासून मला नंबर सांगणार, मी तो चिठ्ठीवर लिहून मशीनवर पाठवणार, एवढंच काम. पहिल्याच दिवशी मी चिठ्ठी नेऊन दिली आणि मशीनपाशी उभी राहिले. आप्पांनी चिठ्ठी समोर ठेवली आणि जसं दिसतं तसं एकेक खिळा शोधून लावत गेले. पहिल्या लगडीवर नंबर उमटला तो शेवटाकडून सुरुवातीकडे. ती लगड मीच उचलून भंगारात टाकली, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर मी पाटी घेऊन बसले. म्हटलं, आप्पा, दहाच तर आकडे आहेत, आठवड्यात येतील. माझ्या हातातली पाटी त्यांनी हिसकावली आणि भिंतीवर आपटली. "तू माले शिकाडशी?" म्हणाले. "काल जल्मेल पोर!" माय मध्ये पडली, तिच्या पाठीत एक बसली. आमच्या घरात शहाणपणाची किंमत हीच होती. मग फुटक्या पाटीकडे बघत आप्पाच म्हणाले, "तू उलटंच लिखी दे ना."

उलटं लिहायचा मला कंटाळा. पण दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहिताना फाइलच्या प्रतीसाठी खाली घातलेला कार्बन चुकून पालथा पडला. शाईची बाजू वर. चिठ्ठी उचलून बघते, तर तिच्या पाठीवर अख्खा नंबर उलटा उमटलेला, खिळ्यांच्या तोंडासारखा हुबेहूब! तेव्हापासून मी कार्बन रोज तसाच ठेवायचे, फाइलची प्रत हातानं वेगळी लिहायचे. चिठ्ठीची पुढची बाजू सरळ, केमिस्टनं बघितली तरी बिनधास्त. आप्पा ती हातात आली की पाठ वर करायचे आणि आकाराला आकार जुळवत खिळे बसवायचे. बाकी मशीन ते झकास चालवायचे हं. लगड सरकवायची, पाय दाबायचा, लगड काढायची, एक लय लागली होती त्यांना. चार महिन्यांत छातीतली शिट्टी कमी झाली, माणूस जेवायला लागला. मायला वाटलं, देव पावला.

मला मात्र त्या काचेच्या खोलीत जन्म काढायचा नव्हता. मला नर्स व्हायचं होतं. चोरून धुळ्याच्या एका नर्सिंग कोर्सचा अर्ज केला आणि मुलाखतीचं पत्र आलं. ते नेमकं आप्पांच्या हाती पडलं. काय लिहिलंय ते त्यांना कळणार नव्हतं, म्हणून मलाच वाचायला लावलं. मी वाचलं. आवाजात आनंद मावत नव्हता माझ्या, मूर्खासारखी शेवटपर्यंत वाचत गेले.

वाचून झालं तसं त्यांनी पत्र मागून घेतलं आणि सावकाश चार तुकडे केले.

"तू गई ते मनी चिठ्ठी कोन लिखी?"

एवढंच. पोरगी लांब जाईल, लोक काय म्हणतील, लग्न कसं जमेल, असलं काही बोलले असते तर मी भांडले तरी असते. या माणसानं मला कार्बनसारखं पालथं घालून ठेवलं होतं आणि ते सांगायची त्याला लाजही वाटत नव्हती. माय म्हणाली, "जाऊ दे बाई, त्यासनी छाती बरी ऱ्हायनी म्हंजे झालं." मला दोघांचाही संताप संताप झाला. ताट ढकलून मी उठले.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम काही केलं नाही मी. कार्बन फक्त सुलटा ठेवला, जसा जगातला प्रत्येक कारकून ठेवतो. नंबर लिहिला, चार-दोन-पाच-सात. चिठ्ठी शिपायाबरोबर पाठवली आणि काचेतून बघत बसले.

आप्पांनी चिठ्ठी पालथी केली. पाठ कोरी. सुलटी केली, परत पालथी केली. बोटानं घासून बघितली. मग मशीन सोडून ऑफिसच्या दारात आले. केमिस्ट तिथेच चहा पीत होता. त्याच्या देखत बोलता येईना, म्हणून त्यांनी ती कोरी बाजू नुसती माझ्यासमोर धरली. हळूच म्हणाले, "मांगे काहीच नही शे."

मी मान वर करून अगदी मोठ्यानं, स्वच्छ आवाजात म्हटलं, "मागे कशाला असेल? पुढे लिहिलंय की. वाचा ना!"

केमिस्ट हसला. आप्पा चिठ्ठी तशीच धरून होते. माझ्या तोंडाकडे बघत होते. मला कळत होतं, आत्ता मी उठून बाहेर गेले, दोन मिनिटांत खिळे लावून दिले, तर सगळं निभावेल. मी रजिस्टर उघडलं आणि रेघा मारायला लागले. ते परत गेले. थोड्या वेळानं धप्प धप्प सुरू झालं.

माल दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमध्ये चढायचा होता. घेणाऱ्याचा माणूस केमिस्टनं दिलेला हीटचा दाखला हातात धरून एकेक लगड बघायला लागला आणि थांबला. लगडीवर होतं सात-दोन-पाच-चार. गंमत म्हणजे मधले दोन आकडे बरोबर होते. सरळ दोन त्यांना उलट्या पाचासारखा दिसला असणार आणि पाच दोनासारखा, त्यात क्रमही उलटला, त्यामुळे चुकीवर चूक होऊन ते आपल्या जागी आले. टोकाचे दोघे मात्र जागा बदलून बसले होते. सगळ्या हीटवर तोच नंबर. माणसानं माल उचलायला नकार दिला.

शेठ तापट. त्यानं काम बंद केलं, सगळ्यांना मशीनपाशी गोळा केलं. आधी मला बोलावलं. मी चिठ्ठीची फाइल पुढे केली. माझा नंबर बरोबर होता, अक्षर सुंदर होतं. शेठनं ती चिठ्ठी आप्पांच्या नाकासमोर धरली.

"वांच. मोटेथी वांच!"

वाच, मोठ्यानं वाच. अकरा वर्षं ज्यांच्याबरोबर मळी ओढली ते सगळे भय्ये, ओडिये, आपल्याकडचे खान्देशी, गोल करून उभे. आप्पांच्या छातीतली शिट्टी मला लांबून ऐकू आली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठीची पाठ कोरी का होती, हे एका वाक्यात सांगता आलं असतं त्यांना. नाही सांगितलं. सांगायचं तर आपण अडाणी, हे आधी कबूल करावं लागलं असतं, तेव्हा ते न सांगून त्यांनी मला वाचवलं की स्वतःला, ते मला आजही ठरवता येत नाही.

शेठ माझ्याकडे वळला. "तेरे बाप को पढना आता है के नहीं?"

मला वेळ मिळाला होता. मी घाईत बोलले असं म्हणायची सोय नाही. फाडलेल्या पत्राचे चार तुकडे डोळ्यांसमोर होते आणि मी म्हटलं, "नहीं आता. एक अक्षर नहीं आता."

सगळे हसले. कोणीतरी शिट्टी मारली, सातवी पास, सातवी पास म्हणून ओरडलं. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. थंडगार बरं वाटलं.

शेठनं आप्पांना कामावरून काढलं नाही. त्यानं तो सगळा माल परत वितळवायला लावला आणि तो भट्टीत टाकायला आप्पांनाच उभं केलं. त्या दिवसापासून ते पुन्हा भट्टीवर गेले. मशीन माझ्याकडे आलं. चिठ्ठीही मीच लिहायची, खिळेही मीच लावायचे आणि पट्टीही मीच दाबायची. लगडींची गाडी आप्पा ढकलत आणायचे, माझ्या मशीनपाशी सोडून जायचे. दर हीटला खोकत. घरी ते मायशी बोलत, माझ्या धाकट्या भावाशी बोलत, माझ्याशी नाही.

दहा महिन्यांनी धुळ्याहून पुन्हा पत्र आलं, मी पुन्हा अर्ज केला होता म्हणून. मी ते जेवताना सगळ्यांसमोर वाचलं आणि फाडायची वाट बघत बसले. आप्पा भाकरी मोडत म्हणाले, "जाय. आते मना काय अडस तुनावाचून?"

म्हणजे मी जे केलं त्याचं फळ मला मिळालं. त्यांची गरज संपवली आणि सुटले.

मुलाखत झाली, प्रवेश मिळाला आणि धुळ्याला पोचवायला तेच आले. वसतिगृहाच्या फॉर्मवर पालकाची सही लागत होती. आप्पांना सही येत होती, बरं का. रेशनकार्डाच्या वेळी गावच्या मास्तरांकडून नाव चितारायला शिकले होते, माझ्या प्रगतिपुस्तकांवर बारा वर्षं त्यांनी तीच केली होती, जीभ दातांत धरून. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं.

"मी अडानी शे, साहेब," टेबलाभोवतीच्या सगळ्या मुलींना ऐकू जाईल असं ते कारकुनाला म्हणाले. "पोरले इचारा. आंगठा ले."

कारकुनानं शाईचं पॅड उघडलं. अंगठा उमटला तो नुसता काळा डाग. पुसून पुन्हा लावला, पुन्हा डाग. "रेषाच येत नाहीत हो," कारकून म्हणाला. "काय काम करता?" मग मला म्हणाला, "तू धर गं त्यांचा अंगठा, जरा दाब दे." मी त्यांचा अंगठा माझ्या हातात धरला. चामडं भाजून, सोलून, पुन्हा भाजून गुळगुळीत झालं होतं. आधीची अकरा वर्षं त्यांची, शेवटचे दहा महिने माझे. मी दाबलं. तिसरा डाग, चौथा डाग.

"राहू द्या," कारकून कंटाळून म्हणाला. "बाजूला तू सही कर. मी यांना ओळखते, असं लिही आणि खाली सही कर."

मी लिहिलं. आप्पांनी शाईचा अंगठा माझ्या नव्या ओढणीच्या टोकाला नीट पुसला, उलटसुलट, शाई जाईपर्यंत, आणि मागे न बघता सुरतेची गाडी धरायला निघून गेले. आता रडू येईल असं मला वाटलं. आलं नाही. मी कारकुनाला विचारलं, माझी खोली कुठली.