खारेपाटात बुडवलेलं पोकलेन

महिला दिन आला की आमच्या कंपनीला माझी आठवण होते. मला फेटा बांधतात, पोकलेनच्या बकेटशेजारी उभं करतात, फोटो काढतात आणि खाली लिहितात, 'अवजड मशीनच्या धंद्यातली आमची पहिली महिला विभागप्रमुख'. मीही हसते. पण ही विभागप्रमुख झाली कशी, ते कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही. आज सांगते. लाज वाटते, तरी सांगते.

तेव्हा मी पेणच्या शाखेत सर्व्हिसची प्रमुख होते. माझ्या हाताखालच्या टेक्निशियनमध्ये मुलगी एकच. खाडीकाठच्या खारेपाटातली, मिठागरावर राबणाऱ्या घरची, आयटीआय करून आलेली. नुसता कान लावून सांगायची, पंप गेलाय की व्हॉल्व्ह अडकलाय. पहिल्या दिवशी तिला कुणीतरी फायली लावायला बसवलं होतं. मीच तिला उठवलं आणि हातात पाना दिला. हा प्रसंग मी भाषणात रंगवून सांगते. टाळ्याही पडतात.

रोह्याला आमचं नवं वर्कशॉप सुरू होणार होतं. तिथला इनचार्ज माझ्या शिफारशीवर ठरणार होता, आणि ती जागा तिची, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिने रोह्याच्या अलीकडे निडीला स्टेशनजवळ भाड्याची खोलीसुद्धा बघून ठेवली होती. "आयला नेनार हाय ताई," डबा खाताना एकदा म्हणाली, "जल्मभर मिठात उभी राहून पाय फुटलंत तिचं. आता कोरड्यात राहू दे." त्याच दिवसांत माझंही नाव विभागप्रमुखासाठी वर गेलं होतं.

अशात खाडीकडचा एक बांध फुटला. तो बुजवायला एका ठेकेदाराचं पोकलेन बांधाच्या बाहेरच्या अंगाला उतरलं आणि तिथेच चिखलात बंद पडलं. चाकांऐवजी दोन चेनी असतात, त्यातली एका बाजूची फिरेना. आम्ही दोघी सकाळी दहाला पोचलो. ती खाली उतरली, सगळं बघून गुडघाभर चिखल घेऊन वर आली.

"मॅडम, आज बीज हाय, अवस होऊन दोनच दिस झालं. उधाणाचं पानी दीडपर्यंत पुरं भरंल. तेलाचा फुटलेला पाइप मी तात्पुरता बांधते, एका चेनीवर रांगत रांगत वर घेऊ. पन आत्ताच."

पनवेलहून पार्ट निघाला होता, तीनपर्यंत येणार होता. तोवर मशीन हलवायचं नाही, नाहीतर चेनीची मोटर कायमची जाईल, असं माझं म्हणणं. पुस्तकात तेच लिहिलंय. पुस्तक चुकीचं नव्हतं, त्याला फक्त बीज ठाऊक नव्हती. मी पेण गावातली, गणपतीच्या कारखान्याच्या घरातली. माती कुठली, किती भिजवायची, ते आम्हाला विचारा. भरतीचं गणित आमच्या घरात कुणी केलं नाही. मोबाइलवर बघता आलं असतं की! नाही बघितलं. ती बरोबर निघाली असती तर?

भोवती ठेकेदार, ऑपरेटर, आणखी चार-पाच बाप्ये. ठेकेदार गालात हसला आणि म्हणाला, "बोला मॅडम. तुमच्यात साहेब नक्की कोण?"

माझं टाळकं सटकलं. पण राग निघायचा त्याच्यावर, तो निघाला तिच्यावर. म्हटलं, "हे मिठागर नाय गो! तू मीठ ओढायला आलीस का मशीन दुरुस्त करायला? पाण्याचं मला शिकवू नकोस."

सगळे खो-खो हसले. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. इतकी वर्षं साइटवरचं ते हसू माझ्यावर असायचं, त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या बाजूने होतं. एवढ्याशा हसण्यासाठी मी तिच्या आईचे पाय त्या चिखलात तुडवले.

ती बांधावर जाऊन खाडीकडे बघत उभी राहिली. अकराला एकदा आली, "मॅडम..." मी हात वर केला, ती परत गेली. बाराला चेन पाण्याखाली गेली, एकला इंजिन, दीडला खारं पाणी केबिनच्या दाराशी. तीनला पार्ट आला तेव्हा तो जिथे लावायचा ती चेन अजून पाण्याखालीच होती.

संध्याकाळी ऑफिसात मोठ्या साहेबांचा फोन आला. "तुमची ती पोरगी खाडीकडचीच ना? तिने सांगितलं नाही, पाणी येणार म्हणून?"

माझी मुलाखत चार दिवसांवर होती. बाईच्या हातात दिलं म्हणून बुडालं, हे वाक्य लोक कसं चघळणार, ते मला ऐकू यायला लागलं होतं. मी म्हणाले, "नाही सर."

मग रिपोर्टमध्ये माझ्या हाताने लिहिलं, 'टेक्निशियनने भरतीची सूचना दिली नाही.' खाली तिची सही लागते. कागद तिच्यापुढे सरकवला आणि खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय अशी बघत बसले. तिने सही केली. न वाचताच केली असणार, अशी मी माझी समजूत घातली.

मी विभागप्रमुख झाले. रोहा एका गृहस्थांना मिळालं. त्यांचं अडलं की ते तिलाच पेणहून बोलावून घ्यायचे. निडीची खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली.

दोन वर्षांनी ते गृहस्थ नोकरी सोडून गेले. आता जागा माझ्या हातात होती. मी रोह्याला गेले, तिला बोलावून घेतलं, वर्कशॉपच्या मागे दोन चहा मागवले. "रोहा तुझं," म्हणाले. नवस फेडल्यासारखं हलकं वाटत होतं मला.

"नको ताई."

"नको? वेडी का काय गो तू?"

"फायलीत तो कागद हाय ना. हितं उद्या कायपन बिघडलं तर पयला तोच काढतील. खाडीवरची असून हिला पानी नाय कळलं, म्हनतील, मशीन काय कळनार?"

"तू वाचलं होतंस?"

"मना वाचता येतं, ताई."

"मग सही कशाला केलीस?"

तिने कप खाली ठेवला. "तुमी पडल्या असत्या, तर मागनं एक तरी पोरगी घेतली असती का त्यांनी? म्हटलं, एकीचं जाऊ दे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आता तुमी वर गेलाव. तुमाला कोन हलवत नाय. खरं काय ते लिवून द्या नि तो कागद काढा. मी उद्या येते रोह्याला."

मी उरलेला चहा एका घोटात संपवला. "बघते," मी म्हणाले.

बघते! गिऱ्हाइकाला टांगून ठेवायचं असलं की आम्ही हेच म्हणतो, आणि ते तिला शिकवलं कुणी? मीच. ती "व्हय" म्हणाली, दोन्ही कप उचलले आणि विसळायला घेऊन गेली.

त्याला आता पाच महिने झाले. जागा रिकामी किती ठेवायची म्हणून रोह्याला दुसरे एक गृहस्थ आले, त्यांच्या शिफारशीवर सही माझीच आहे. ती अजून पेणलाच आहे. मी दिसले की नमस्कार करते, मॅडम म्हणते. साहेबांना द्यायचा कागद घेऊन मी तीनदा बसले. 'तिने भरतीची सूचना मला दिली होती,' एवढी एकच ओळ लिहायची आहे. इथे एवढं सगळं लिहून झालं, ती ओळ अजून लिहिलेली नाही.