वर राख, खाली मुरूम

सिंगापूरला येऊन सिंगापूर फक्त खालच्या बाजूने पाहिलेली माझ्या माहितीतली एकमेव व्यक्ती म्हणजे आमच्या शेजाऱ्याच्या आई. बाकी सगळे इथे आल्यावर मान वर करून बघतात. काकूंनी विमानतळाहून आंग मो किओला येताना टॅक्सीच्या खिडकीतून पाहिलं ते रस्त्याच्या कडेला उघडं पडलेलं खोदकाम, आणि फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "मंदार, तुमच्याकडे सगळी भर घातलेली दिसते. मूळची माती ठेवलीय कुठे?" मंदार चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या आयटी विभागात मॅनेजर होता. तो म्हणाला, "आई, आधी चहा घे." ही गोष्ट दोन हजार दहा नंतरच्या वर्षांतली, एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, नव्या मार्गिकांसाठी बेट जागोजागी खणून ठेवलं होतं तेव्हाची. काकूंना यायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

काकूंनी तीसेक वर्षं एका सरकारी खात्यात माती तपासण्याची नोकरी केली होती. सह्याद्रीतल्या जंगलांत खड्डे खणायचे, त्यात उतरायचं, थर मोजायचे, प्रत्येक थरातली चिमूट ओली करून बोटांत चोळायची आणि काय वाटलं ते वहीत लिहायचं, असं ते काम. निवृत्तीनंतर वही बंद झाली. बोटं चालूच राहिली. कणीक मळून झाली की काकू तिची गोळी अंगठा आणि तर्जनीत दाबून लांब पट्टी काढत. पट्टी लवकर तुटली तर पाणी कमी, न तुटता लोंबत राहिली तर "ही चिकणमाती झाली, हिच्या पोळ्या नको, कुंड्या करा." एकदा माझ्या बायकोने त्यांना बेसनाचा लाडू दिला. काकूंनी तो दोन बोटांत फोडला, कण चोळले, थोडा वेळ विचार केला आणि निकाल दिला: "रेताड आहे. पण निचरा उत्तम." हे कौतुक होतं की नाही, असं बायको मला अजून विचारते.

आमच्या ब्लॉकसमोर एमआरटीच्या खोदकामाभोवती पत्र्याचं कुंपण होतं आणि त्यात एके ठिकाणी चार बोटं रुंद फट होती. सकाळी नातीला, म्हणजे इराला, शाळेच्या बसमध्ये बसवलं की काकू त्या फटीशी जाऊन उभ्या राहत. पावसात छत्री घेऊन, उन्हातही तीच छत्री घेऊन. आतला सुपरवायझर तमिळ होता. काकूंना तमिळ येत नव्हतं, त्याला मराठी. दोघांचं हिंदी सारखंच वाईट असल्यामुळे कुणाला कमीपणा वाटला नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तो फटीतून मातीचं एकेक ढेकूळ बाहेर द्यायला लागला. "आज और नीचे का, आंटी." काकू ते देवळातला प्रसाद घ्यावा तसं उजव्या हातात घेत, चोळत, हुंकार देत आणि परत करत. "ग्रॅनाइट आहे, कुजलेला," त्यांनी मला सांगितलं. "छान आहे हो. पण आपला नाही." आपला म्हणजे बेसाल्ट, सह्याद्रीचा काळा दगड. तो कुजला की मुरूम होतो, आणि मुरमाबद्दल काकू ज्या आवाजात बोलत त्या आवाजात इतर बायका माहेराबद्दल बोलतात.

ब्लॉकखालच्या सामुदायिक बागेत त्यांना एक वाफा मिळाला तेव्हा मंदारला हायसं वाटलं. आई आता मेथी लावेल, चार लोकांत रमेल, असा त्याचा हिशेब होता. काकूंनी तिथे खड्डा खणला. कंबरेच्या वरपर्यंत खोल, चौकोनी, एक भिंत सूर्याकडे तोंड केलेली आणि सुरीने केक कापावा तशी साफ केलेली. आजूबाजूला कांगकाँगची पालेभाजी आणि कढीपत्ता डोलत होता आणि मधल्या खड्ड्यातून काकूंचा फक्त अंबाडा दिसत होता. बागेच्या समितीचे चिनी अध्यक्ष, वयाने काकूंएवढेच, काठावर येऊन वाकले. "आंटी, व्हॉट यू प्लांटिंग?" काकू वर न बघता म्हणाल्या, "नथिंग. आय अॅम रीडिंग." दुपारी नेहमीप्रमाणे पाऊस आला आणि खड्डा भरला. साचलेलं पाणी म्हणजे डास, आणि डास म्हणजे सिंगापूरमध्ये थेट सरकारी काम. दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन दोन तपासनीस आले तेव्हा काकू प्लास्टिकच्या मगाने पाणी उपसत होत्या आणि इरा काठावरून ओरडत होती, "आजी, कॅनॉट लाह! मॉस्किटो कमिंग!" अळी एकही सापडली नाही. ताकीद मिळाली आणि खड्डा बुजवायचं ठरलं. बुजवणाऱ्या दोघा माळ्यांना काकूंनी एकच अट घातली: खालची माती खाली, वरची वर, ज्या क्रमाने निघाली त्याच्या उलट क्रमाने आत. त्यांनी तीनदा चुका केल्या. काकूंनी तीनदा उपसायला लावलं. अध्यक्ष शेवटपर्यंत उभे होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या वाफ्यातली माती काकूंना तपासायला आणून दिली.

हे सगळं मी गमतीत धरत होतो. मग एका रविवारी खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप पुढ्यात घेऊन काकू म्हणाल्या, "पेपरवाले, एक सांगते. छापू नका." मी पूर्वी पुण्यात वृत्तपत्रात होतो, म्हणून मी पेपरवाले. त्या गोष्टीतल्या, काकूंच्या कचेरीतल्या साहेबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि पुढे काकूंनी स्वतःच परवानगी दिली, म्हणून सांगतो.

नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. घाटमाथ्याजवळच्या एका जंगलात काकूंनी खड्डा घेतला. वर पालापाचोळ्याची काळी माती, खाली मुरूम, आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर जाडीचा एक पिवळट थर. हातात हलका. बोटांत दाबला तर आधी घट्ट, मग एकदम पाणी सोडून साबणासारखा घसरला. ज्वालामुखीच्या राखेपासून जंगलात जी माती बनते ती अशी असते, एवढं काकूंनी पुस्तकात वाचलं होतं. सह्याद्रीत लाव्हा भरपूर, पण तो थंड होऊनही युगं लोटली. त्यावर नंतर येऊन पडलेली राख कुणी नोंदवलेली नव्हती. काकूंनी वहीत लिहिलं, 'राख', आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं. साहेबांनी ते पान सगळ्या कचेरीसमोर मोठ्याने वाचलं, लाल शाईने खोडलं आणि म्हणाले, "बाई, चुलीची असेल. घरची आठवण आली वाटतं!"

"सगळे हसले," काकू म्हणाल्या. "मीसुद्धा हसले हो. त्याचा जास्त राग येतो."

पुढे काही वर्षांनी त्यांनी वाचलं की सुमात्रातल्या एका प्रचंड उद्रेकाची फार जुनी राख महाराष्ट्रात काही नद्यांच्या काठी सापडली आहे. समुद्र ओलांडून, वाऱ्यावर आलेली. पण नद्यांच्या काठी. जंगलातला तो खड्डा बुजला होता आणि अहवालात साहेबांनी त्या थरासमोर 'पोयटा', म्हणजे साधी गाळाची माती, असं लिहिलेलं होतं. काकूंनी खरी राखेची माती आयुष्यात कधी हातात घेतली नव्हती. "ती एकदा हाताला लागू दे," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी डोळे मिटून सांगते, तेव्हा मी बरोबर होते की नव्हते. माझ्या बोटांना अजून आठवतंय." जावा इथून विमानाने दोन तासांवर. मुलाने सिंगापूरला ये म्हटल्यावर ही बाई एका शब्दात हो का म्हणाली होती, ते मला तेव्हा कळलं.

मंदार सहा महिने नाही म्हणत होता. आईचा गुडघा, डोंगर, पाऊस. शेवटी जूनच्या सुट्टीत त्याने जावाची चार दिवसांची सहल ठरवली; सूनबाईंना बुओना व्हिस्टाच्या लॅबमधून रजा मिळेना, म्हणून काकूंकडे लक्ष ठेवायला मला ओढलं. ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा सगळे पर्यटक धुराचे फोटो काढत होते. काकू त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. "हे काय बघायचं? हे अजून व्हायचंय," त्या म्हणाल्या. "झालेलं कुठे आहे?"

झालेलं उतरताना दिसलं. गर्द जंगलातल्या एका वळणावर रस्त्यासाठी डोंगर कापलेला होता. काकू इतक्या जोरात "थांबवा!" म्हणाल्या की ड्रायव्हरने गाडी थांबवून आधी त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. त्याला वाटलं, उलटी होतेय. काकू पिशवीसकट उतरल्या. समोर दोन पुरुष उंचीचा उभा छेद होता. माथ्यावर झाडांची मुळं आणि काळी भुसभुशीत माती, तिच्याखाली मधाच्या रंगाचा जाड थर, आणि तळाशी तांबूस, कुजलेला दगड, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला. जुना लाव्हा खाली, नंतरच्या उद्रेकांची राख वर, त्यावर जंगल. काकूंनी आधी तळाच्या दगडावर थाप मारली, शेजारणीच्या पाठीवर मारावी तशी. "हा आपला." मग गुडघ्याचं नाव न काढता बांधावर चढल्या आणि मधाच्या रंगाच्या थरातली चिमूट घेतली.

त्यांनी ती बोटांत चोळली. पाणी सुटलं, माती घसरली. हे आम्हालाही दिसलं. काकूंनी डोळे मिटले. दुसरी चिमूट घेतली, तिसरी घेतली. जंगलात कुठला तरी पक्षी एकसारखा ओरडत होता. मंदारने हळूच विचारलं, "आई, तीच आहे?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही." काकूंनी डोळे उघडले. "अडतीस वर्षं मला वाटत होतं, बोटांना ती माती आठवतेय. बोटांना साहेबांचं हसणं आठवत होतं रे. मातीचं काही उरलंच नाहीये."

मंदार तिथेच बांधावर बसला. इरा आठ वर्षांची होती. तिला हा प्रश्न आम्हा दोघांइतका अवघड वाटला नाही. ती म्हणाली, "सो गो बॅक अँड डिग अगेन, आजी."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग एकदम हसायला लागल्या. "ऐकलंस मंद्या? आणि तू म्हणतोस हिला मराठी येत नाही, हिचं कसं होणार!"

सिंगापूरला माती आणायला बंदी आहे हे काकूंना माहीत होतं. त्यांनी कणभरही आणली नाही. जी आली ती अंगठ्याच्या रेषांतून. विमानतळावर यंत्राने त्यांचा उजवा अंगठा दोनदा नाकारला. अधिकारी बाईंनी ओला टिश्यू पुढे केला, "आंटी, वाइप फर्स्ट." काकूंनी टिश्यू घेतला, आभार मानले आणि डावा अंगठा पुसून लावला. उजव्यावरची माती त्यांना अजून हवी होती. बोटांवर विसंबून राहायचं नाही, हे त्यांना आता कळलं होतं. विमानातच त्यांनी दोन पानं लिहायला घेतली होती: किती दाबल्यावर पाणी सुटतं, किती वेळ घसरते, पुन्हा घट्ट कधी होते, वाळल्यावर बोटांवर काय राहतं. घरी पोचल्यावर शेवटची ओळ लिहिली आणि मगच हात धुतला.

दिवाळीनंतर त्या भारतात परतल्या. व्हिजिट पासचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. मंदार फॉर्म भरून तयार ठेवून बसला होता, काकूंनी सही केली नाही. "खड्डे झाले की येते," त्या म्हणाल्या. किती खड्डे, ते कुणी विचारलं नाही. जंगलात खणायच्या परवानगीला चार महिने लागले. मग एका सकाळी त्यांचा फोन आला.

"राख नाही, पेपरवाले."

जुनी जागा सापडली होती, थरही सापडला होता. दोन पानं पुढ्यात ठेवून चोळून बघितला. घसरतो, पण तसा नाही. हातात हलकाही नाही. पावसाने वरून आणून टाकलेली बारीक माती. "पोयटाच. साहेबांनी मला हसत हसत खोडलं, न बघता, पण अहवालात लिहिलं ते बरोबर लिहिलं."

"वाईट वाटलं?"

"वाटलं ना. अर्धा तास. मग पोहे खाल्ले." त्यांचा आवाज आंग मो किओच्या त्या कुंपणाशी असायचा त्याहून तरुण वाटत होता. "ऐका तर. एकटीने खड्ड्यात उतरायचं नाही म्हणून इथल्या लोकांनी माझ्याबरोबर एक वनरक्षक बाई दिल्या आहेत. दोन मुलांची आई, पण काय चढते! तिला म्हटलं, वही तू लिही, मी सांगते. संध्याकाळी बघते तर तिने तिसऱ्या थरापुढे स्वतःच्या मनाने लिहून ठेवलंय, 'वास वेगळा येतो.' आणि पुढे प्रश्नचिन्ह. अहो, वासाचा रकानाच नसतो वहीत! इतकी वर्षं मी माती चोळतेय, कुणी हुंगत नाही. सरळ चूक आहे."

"मग खोडलंत?"

"नाही," काकू म्हणाल्या. "ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरा खड्डा घेतलाय. आज आधी हुंगणार. मग चोळणार."

मागून एक खणखणीत आवाज आला, "काकू, उतरताय ना? ऊन सरकलं!" आणि फोन बंद झाला. त्यांना सिंगापूरची आठवण येते का, हे विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर त्यांनी खरं तेच सांगितलं असतं, म्हणून एका परीने बरंच झालं.