देगलूरहून येणारा आकडा

नांदेडात कॉलेजच्या रस्त्याला माझं टायपिंगचं दुकान आहे. लोकांचे प्रबंध मी टाइप करते. त्यातलं बहुतेक मला कळत नाही, पण एक प्रबंध चांगलाच कळला. जुगाराने होणारं नुकसान कमी कसं करावं, यावर तो होता. खेळणाऱ्याला नुसता उपदेश करून फारसा फरक पडत नाही, असं त्यात होतं. त्याची इच्छा आणि खेळ यांच्यामध्ये थोडा वेळ घातला तर पडू शकतो.

टाइप करता करता मी थांबलेच. माझा नवरा फोनवर पैसे लावून रमी खेळायचा. आमची मोटारसायकल 'दुरुस्तीला' गेली ती परत आलीच नाही, तेव्हा मला ते समजलं. दोन वर्षं मी उपदेशच करत होते, तोही शेजारच्यांना ऐकू जाईल असा. आता मुलीच्या हॉस्टेलचे पैसे तेवढे शिल्लक होते.

मध्ये सासू घालावी असं प्रबंधात कुठं नव्हतं. ती भर माझी. पोरांच्या फोनला लावतात ते कुलूप मी यांच्या फोनला लावलं. खेळ उघडायला दर वेळी नवा आकडा लागणार, आणि तो दिसणार देगलूरला, माझ्या आईच्या फोनवर. कशासाठी, ते मी तिला सांगितलं नव्हतं. हे हसत तयार झाले. "मामी आपल्याच बाजूच्या हायत," सासूबद्दल म्हणाले.

जावयाचा फोन आला की आमची आई आधी पदर सारखा करते, मग सगळ्यांची जेवणं विचारते, मग गल्लीच्या बातम्या देते. सासूला 'लवकर आटपा' म्हणायची कोणत्या जावयाची टाप आहे? पहिल्याच आठवड्यात यांना शेजारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापासून ऐकावं लागलं. आकडा मिळेपर्यंत खुमखुमी निम्मी उतरायची. आकडा कशाला, असं तिनं विचारलं की हे सांगायचे, ऑफिसचं काम. "लई राबवून घेऊन राहिले तुम्हाला," आई हळहळायची आणि यांच्या बढतीसाठी नारळ फोडायची. मला स्वयंपाकघरात हसू आवरायचं नाही.

एका रविवारी दुपारी यांनी फोन लावला. स्पीकर चालूच होता.

"सुट्टीच्या दिशी बी काम?" आई म्हणाली. "थांबा, आकडा बघते."

"नका बघू, मामी. काम न्हाई. जुगार खेळतो मी. गाडी इकली. आता पोरीच्या हॉस्टेलच्या पैशाला हात लागंल, असं वाटून राहिलंय."

मी दारातच उभी राहिले. इतकं सरळ बोलणं मला दोन वर्षांत ऐकायला मिळालं नव्हतं.

"माझ्या पोरीला सांगितलं का हे?"

"खेळतो ते तिला ठावं हाय. हे हॉस्टेलचं कसं सांगू? मी तोंड उघडलं की ती सुरू होते."

मला राग आला आणि लाजही वाटली. चार उत्तरं तोंडात तयार होती. मी जाऊन यांच्या शेजारी बसले.

"कोण आलं?" आईने विचारलं.

"तुमची पोरगी."

"तिला म्हणावं, गप बस. तुम्ही बोला, जावईबापू."

मी गप बसले. हे तासभर बोलले.