चार नंबरच्या पोर्टात केबल नव्हती

आधीच सांगून टाकतो, भूत-प्रेत, करणी, अंगात येणं... यातलं काहीएक मी मानत नाही. आमच्या गल्लीत कुणी अमावास्येचा विषय काढला तर मी सरळ उठून जातो. आणि हे लिहितोय ते तुम्हाला घाबरवायला नाही. राग आलाय म्हणून लिहितोय. वर्ष होत आलं, उतरतच नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातलाच. कॅमेरे बसवणं, वायफाय, नेटवर्किंग ही माझी कामं. जवळा बाजारच्या पट्ट्यात एक जिनिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, नाव लिहीत नाही. माझी आई तिथं कापूस निवडायला जायची. दिवसभर शेडमध्ये बसून कापसातला पाला, कचरा, प्लास्टिकच्या चिंध्या वेचायच्या. तिच्यासोबत वीसेक बाया.

गेल्या हंगामात विमा कंपनीचा माणूस पाहणीला येणार म्हटल्यावर मालकाला एकदम सुरक्षेचा पुळका आला. माझ्याकडून कॅमेरे बसवून घेतले, शेडमध्ये आग लागली तर सूचना देणारा एक भोंगा लावला, आणि ऑफिसात या सगळ्यांना करंट देणारा पीओई स्विच. हा म्हणजे छोटासा लोखंडी डबा, आठ पोर्टांचा. नेट आणि करंट दोन्ही एकाच केबलमधून देतो, आणि कुठला पोर्ट चालू ठेवायचा, कुठला बंद, ते लॅपटॉपवरून ठरवता येतं. भोंग्याची केबल चार नंबरच्या पोर्टात होती. त्याला करंटची दुसरी वायर नव्हतीच. केबल काढली की तो नुसता भिंतीला टांगलेला डबा... एवढं लक्षात ठेवा.

भोंग्यात आधीपासून हिंदी-इंग्रजी सूचना भरलेली होती. मी म्हटलं, बायांना कळेल असं काहीतरी भरू. आईला लॅपटॉपसमोर बसवलं. ती आधी लाजली, पदर सावरला, आणि मग शेतातून हाक मारावी तशी ओरडली, "बायांनो, कापूस सोडा, भायेर चला!" एवढंच. एकच वाक्य. नंतर कितीतरी दिवस सगळ्याजणी तिला 'रेडिओवाली' म्हणून चिडवायच्या.

पाहणी झाली, विमा उतरला. आणि लगेच मालक मला म्हणतो, "तो स्विच काढ अन् माझ्या शेतातल्या बंगल्यावर लाव. तिथं कॅमेरे पायजेत."

"अन् शेडातल्या भोंग्याचं काय?"

"कापूस काय रोज पेटतो का रे?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी नाही काढत म्हणालो. तर म्हणतो, "तुझी माय इथंच कामाला हाय ना? मंग जास्त शानपना करू नको." शेवटी त्याच्या ड्रायव्हरनं केबली उपटून स्विच नेला. ऑफिसात केबलींची टोकं लोंबत राहिली. मीच त्यांना लाल टेप गुंडाळला आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवून ठेवलं.

ड्रायव्हरनं बंगल्यावर काय जोडलं देव जाणे, एक कॅमेरा चालेना. मालकाचा फोन आला. आई त्याच्याकडं कामाला, म्हणून तोंड दाबून गेलो. बंगला कुरुंद्याच्या बाजूला, जिनिंगपासून गाडीवर चांगलं पाऊण तासाचं अंतर. भर दुपार, लख्ख ऊन. आणि कॅमेरे कशावर रोखलेले, माहितीये? अंगणात वाळत घातलेल्या हळदीवर! वीस बायांच्या जिवाचा पहारा काढून यानं हळदीवर बसवला होता.

स्विचच्या पहिल्या तीन पोर्टांत कॅमेरे होते, बाकी रिकामे. मी लॅपटॉप जोडून बसलो होतो आणि अचानक चार नंबरचा दिवा लागला. वाकून बघितलं. पोर्टात केबल नाही. लॅपटॉपवर बघितलं तर चार नंबर करंट देतोय... भोंग्याला लागतो तेवढाच.

मला वाटलं, ड्रायव्हरनं आपटून बिघडवला असणार. लॅपटॉपवरून पोर्ट बंद केला. दिवा विझला. आणि परत लागला. चडफडत परत बंद केला. परत लागला! मी शिवी हासडून पुन्हा हात पुढं केला, तेवढ्यात फोन वाजला. जिनिंगमधला वॉचमन होता.

"लवकर ये रे... शेड पेटली!"

गाडी कशी हाणली ते आठवत नाही. पोचलो तर शेडचे पत्रे खाली आलेले, धुराचा लोट, आणि रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली बाया बसलेल्या. आई त्यांच्यात. तोंड काळंठिक्कर, पण जिती. मला बघून तिनं पहिलं काय सांगितलं, तर "सगळ्या हाव रे."

मग तिनं सांगितलं. मशीनमध्ये खडा आला असावा, ठिणगी उडाली आणि कापसाची गंजी भडकली. धुरानं काही दिसेना. बाया नेहमी मागच्या गेटानं जा-ये करायच्या, म्हणून सवयीनं सगळ्या तिकडंच पळाल्या. तेवढ्यात वरून भोंगा ओरडला. आईच्याच आवाजात.

"'बायांनो, कापूस सोडा, भायेर चला' म्हनला. अन् मंग म्हनला, मागच्या गेटाकडं जाऊ नका, मालकानं कुलूप लावलंय! भिंत धरून म्होरं या! मधी दोनदा आवाज तुटला, माहा जीवच गेला. पर परत आला."

दोनदा. बंगल्यावर तो पोर्ट मी बंद केला होता, तेही दोनदाच.

गेटाला कुलूप खरंच होतं. बाया पदरात कापूस नेतात असा संशय घेऊन मालकानं त्याच दुपारी ते घातलं होतं. सांगितलं कुणालाच नव्हतं. आई म्हणाली, "मी तर तोंडाला पदर लावून खोकत व्हते रे. मंग माहा आवाज वरून कोन काढून राहिलं व्हतं?"

मी ऑफिसात गेलो. तिथवर आग आली नव्हती. लाल टेप गुंडाळलेली टोकं खिळ्याला तशीच लटकत होती.

काही दिवसांनी विमा कंपनीचा माणूस आला. तोवर मालकानं स्विच गुपचूप परत आणून जागच्या जागी बसवला होता. तोंड वर करून सांगतो, "साहेब, सिस्टिम एकदम चालू व्हती. बायांनाच विचारा, भोंगा वाजला का न्हाई!" आणि माझ्याकडं डोळे वटारून बघतो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्विच इथं नव्हताच म्हणालो असतो, तर वीस बाया म्हणाल्या असत्या भोंगा वाजला, आणि खोटा मी ठरलो असतो! ज्यानं माझी आई वाचवली, तेच आता या नालायकाला वाचवणार? मी तोंड उघडणार तोच आई पुढं झाली.

"वाजला की साहेब! बराबर वाजला."

मालक खूश. माझ्या पाठीवर थाप मारली त्यानं.

"काय सूचना दिली?" साहेबानं विचारलं.

आईनं पदर सावरला आणि भोंग्यासारखीच ओरडली, "मागच्या गेटाकडं जाऊ नका, मालकानं कुलूप लावलंय!"

"व्हय साहेब, असंच म्हनला," बाया एका सुरात.

मालक तडकला. "असं कसं म्हनंल? ते त्यात भरलेलंच नव्हतं!"

"मंग वाजलाच न्हाई का, मालक?" आई म्हणाली. "एक काय ते सांगा."

साहेब सरळ मागच्या गेटाकडं चालू लागला. कुलूप तिथंच होतं, काजळी धरलेलं. ते काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आई आता तिथं जात नाही. भोंगा जळून गेला. माझ्या लॅपटॉपवर तिचं रेकॉर्डिंग आहे, कितीदा ऐकलं, त्यात एकच वाक्य आहे. खाली कमेंटमध्ये लूज कनेक्शनचं ज्ञान पाजळणाऱ्यांनी आधी मला सांगावं, पाऊण तासावरच्या भोंग्याला केबलशिवाय करंट कुठलं लूज कनेक्शन देतं? मी अजूनही भूत मानत नाही. पण मालकानं गेट बंद केलं, ड्रायव्हरनं केबली उपटल्या, आणि दोनदा तो पोर्ट मी स्वतःच्या हातानं बंद केला. आम्ही सगळी माणसं बंदच करत होतो. दोन्ही वेळा तो परत चालू कुणी केला, ते मला आजही माहीत नाही.